मनोरीचा शिधा आणि १९७४ चा रेल्वे संप

मालाड स्थानकावर उतरून पश्चिमेकडे मार्व्याचा किनारा गाठावा, तेथून तरीने खाडी ओलांडावी, म्हणजे मनोरी लागते. मुंबईचे अवघे रूप पालटून गेले तरी गावाला जाण्याचा हा क्रम फारसा बदललेला नाही. उत्तरेस गोराई व उत्तन, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस खाडी अशा सीमांत वसलेली मनोरी ज्या भूभागात मोडते, तो जुन्या कागदपत्रांत धारावी बेट या नावाने येतो. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून जिंकला, पुढे इंग्रजी अमलात तो साष्टी तालुक्यात मोडू लागला आणि कालांतराने मनोरी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. कोळी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आणि आगरवाडीतील शेतकरी यांची येथील वस्ती पिढ्यानपिढ्या मासळी, भात आणि नारळ यांवर जगत आली. लोहमार्ग या बेटाला कधी शिवला नाही. असे असूनही १९७४ च्या मे महिन्यात देशभरातील रेल्वे कामगारांनी काम थांबविले, तेव्हा त्या संपाची झळ लागण्याच्या टापूत मनोरीही होतीच. कारण तोपर्यंत या बेटावरच्या चुलींवर शिजणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा पंजाबातील मंडी, मनमाडची कोठारे, वाडीबंदरचा मालधक्का आणि शिधावाटप खात्याचा दाखला अशा एका लांबलचक साखळीतून येऊ लागला होता, आणि त्या साखळीची बहुतेक कडी लोखंडी रुळांवर उभी होती.

ही अवस्था एका दिवसात आलेली नव्हती. साष्टीचा प्रांत मूळचा भाताचा. खाऱ्या पाण्याला बांध घालून उठविलेली खाजणे आणि पावसाच्या पाण्यावर पिकणारी खाचरे यांतून निघणारा तांदूळ मचव्यांतून व पडावांतून मुंबई बेटावर जाई. परंतु भाताचे पीक एकच, तेही पावसाळी, आणि शहराची भूक तर वर्षागणिक वाढणारी. त्यामुळे मुंबईने आपले अन्न फार लवकर दुरून आणावयास आरंभ केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट लोहमार्गाने ओलांडला गेला आणि देशावरचे व खानदेशचे धान्य थेट बंदरापर्यंत उतरू लागले. पश्चिमेकडे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीच्या गाड्या १८६७ मध्ये विरारपासून मुंबईपर्यंत धावू लागल्या आणि बोरिवली, मालाड, अंधेरी ही गावे मार्गावरची ठाणी बनली. धान्याच्या उलाढालीने मशीद बंदरालगत दाणाबंदराची पेठ भरभराटीस आली. तरीही किनाऱ्यावरच्या लोकांचा तांदूळ प्रामुख्याने समुद्रानेच येई, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर रंगूनचा तांदूळ हाच मुंबईच्या व कोकणच्या गरिबाचा आधार होता.

रेल्वेने शेतकऱ्याला बाजार दिला, तसेच दुष्काळात तिने त्याला धान्यही पोचविले. पण या दोन्ही गोष्टींना दुसरी बाजू होती. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनच्या जिल्ह्यांकडे आगगाड्यांनी पोत्यांच्या राशी वाहून नेल्या हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्याच काळात देशातून धान्याची निर्गत चालू होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाने दुष्काळनिवारणाचे साधन म्हणून लोहमार्गांचा पुरस्कार केला आणि तेव्हापासून अन्नाची सुरक्षितता म्हणजे वाहतुकीची शाश्वती हे समीकरण सरकारी विचारात कायमचे रूढ झाले. कोणत्याही समीकरणात जो घटक गृहीत धरला जातो तो दिसेनासा होतो. येथे तो घटक म्हणजे गाडी चालविणारा, बाण खाली-वर करणारा, तारेवर संदेश देणारा आणि रूळ ठोकणारा माणूस. तो पहिल्यांदा ठळकपणे दृष्टीस पडला १८९९ च्या मे महिन्यात, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सिग्नलरांनी वेतन व कामाच्या अटींसाठी संप पुकारला तेव्हा. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने व ‘मराठा’ने त्यांची बाजू उचलून धरली. संप फसला, आणि त्याच वर्षी पाऊस रुसून पश्चिम हिंदुस्थानावर छप्पनचा दुष्काळ कोसळला, तेव्हा त्याच मार्गांवरून, त्याच तारांच्या इशाऱ्यांवर धान्याच्या वाघिणी धावू लागल्या. ज्या हातांची मागणी उन्हाळ्यात नाकारली गेली, त्यांच्यावरच हिवाळ्यात लाखोंचे प्राण सोपविले गेले. पुढे १९३० मध्ये याच कंपनीत मोठा संप झाला, स्वातंत्र्यानंतर १९६० व १९६८ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांबरोबर रेल्वे कामगारही संपात उतरले. परंतु धान्याचा आणि संपाचा पूर्ण गुंता पडावयास आणखी काही घडावे लागले.

त्याचा आरंभ दुसऱ्या महायुद्धातच झाला होता. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि किनाऱ्यावरच्या तांदळाचा सागरी झरा एकाएकी आटला. १९४३ च्या मे महिन्यात मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. तेव्हापासून मुंबईकराचे जेवण बाजाराच्या मर्जीतून निघून सरकारच्या दप्तरात गेले. मधल्या काळात नियंत्रणे उठली, पुन्हा लागली. पण साठीच्या दशकातील टंचाईनंतर बृहन्मुंबईत शिधापत्रिका ही घरातली सर्वांत जपून ठेवण्याची चीज होऊन बसली. परदेशी गहू बोटींतून मुंबई बंदरात उतरे व तेथून वाघिणींतून देशभर जाई. देशी गहू आणि तांदूळ उत्तरेकडून व मध्य प्रदेशाकडून वाघिणींतूनच मुंबईस येई. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय अन्न महामंडळाची मनमाडची अवाढव्य कोठारे आणि बोरिवलीची गोदामे ही या येरझाऱ्यांची विसाव्याची स्थळे झाली. सारांश, ज्या गावाने हजार वर्षे आपला भात समुद्रातून व खाचरातून मिळविला, त्याचा शिधा आता भरतीओहोटीच्या वेळापत्रकावरून उतरून मालगाडीच्या वेळापत्रकावर चढला होता.

या स्थित्यंतराशी कोकणातल्या एका पुढाऱ्याचे नाव विलक्षण रीतीने जडलेले आहे. सावंतवाडी मुलखातून येऊन मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा झालेले स. का. पाटील केंद्रात अन्नमंत्री असताना १९६० च्या मे महिन्यात अमेरिकेशी पी. एल. ४८० या तेथील अन्नसाहाय्याच्या कायद्याखालचा मोठा करार झाला आणि चार वर्षांत एक कोटी साठ लक्ष टन गहू व दहा लक्ष टन तांदूळ येण्याची तजवीज झाली. पुढे १९६४ ते १९६७ या काळात तेच रेल्वेमंत्री होते. अन्न आणि रेल्वे ही दोन्ही खाती सांभाळलेल्या या मातब्बर पुरुषाचा १९६७ च्या निवडणुकीत दक्षिण मुंबईतून पराभव केला तो टॅक्सीवाल्यांच्या व महापालिका कामगारांच्या संघटना बांधणाऱ्या एका तरुणाने. आणि तोच तरुण, जॉर्ज फर्नांडिस, १९७३ च्या अखेरीस अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनच्या अध्यक्षपदी निवडून आला.

तो काळ महागाईचा होता, आणि महागाईच्या मुळाशी पुन्हा धान्यच होते. १९७० पासून लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्रात पावसाने दगा दिला आणि १९७२ चा दुष्काळ तर आजही वृद्धांच्या बोलण्यात मैलाच्या दगडासारखा येतो. वसंतराव नाईकांच्या सरकारने लाखो लोकांना खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामांवर लावले; परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांवर खेड्यांनी दिवस काढले. शहरांत १९७२ मध्येच गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधी महिलांचे मोर्चे निघू लागले आणि लाटणे हे स्वयंपाकघरातले आयुध रस्त्यावर आले. एप्रिल १९७३ मध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार आपल्या हाती घेतला. वर्ष उलटण्यापूर्वी तो प्रयोग गुंडाळावा लागला. ऑक्टोबर १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव कडाडले. गुजरातेत वसतिगृहातल्या खाणावळीच्या बिलावरून पेटलेल्या आंदोलनाने १९७४ च्या आरंभी राज्याचे मंत्रिमंडळ उलथविले.

अशा दिवसांत रेल्वे कामगाराची स्थिती काय होती ती दोन आकड्यांवरून उमगते. तिसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान मासिक वेतन सरकारने १९६ रुपये ठरविले. १९७४ च्या रब्बी हंगामासाठी गव्हाचा सरकारी खरेदी भाव क्विंटलला ७६ रुपयांवरून १०५ रुपयांवर नेण्यात आला. म्हणजे एक क्विंटल गव्हाची, तीही शेतावरच्या भावाने, किंमत रूळ राखणाऱ्या गँगमनच्या महिन्याच्या पगाराच्या अर्ध्याहून अधिक झाली. शेतकऱ्याला हा वाढीव भाव रास्तच होता, कारण खत, डिझेल आणि मजुरी यांचे दर त्याच्याही आवाक्याबाहेर चालले होते; पण त्याच्या न्याय्य भावाचा भार ज्याच्या ताटावर पडत होता, तोच त्याचे पोते वाहून नेणारा होता. इंजिनावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे गाऱ्हाणे याहून निराळे होते: गाडी सुटल्यापासून पोचेपर्यंत चौदा-चौदा, सोळा-सोळा तास ते अखंड कामावर असत, आणि त्यांच्या १९७३ च्या संपानंतर दहा तासांची मर्यादा कबूल होऊनही तिचा अंमल रखडला होता.

२७ फेब्रुवारी १९७४ रोजी दिल्लीत निरनिराळ्या संघटनांनी एकत्र येऊन रेल्वे कामगार संघर्षाची राष्ट्रीय समन्वय समिती स्थापन केली. तिच्या मागण्यांत वर्षाला एका महिन्याच्या पगाराइतका बोनस, आठ तासांचा दिवस, सार्वजनिक उद्योगांच्या तोडीचे वेतन, निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता आणि हंगामी मजुरांना कायम करणे या गोष्टी ठळक होत्या, आणि वृत्तपत्रांचे लक्ष प्रायः बोनसवरच खिळून राहिले. परंतु त्याच यादीत आणखी एक कलम होते: रेल्वे कामगारांना खात्याने चालविलेल्या दुकानांतून पुरेसे धान्य सवलतीच्या दराने मिळावे. सतरा लक्षांच्या आसपास माणसे जेथे राबत होती आणि जेथून देशाचे सारे धान्य जात होते, त्या खात्याच्या नोकरवर्गाला धान्यासाठी मागणीपत्रक लिहावे लागावे, यात त्या वर्षाचे सगळे सार आले.

वाटाघाटी चालू असतानाच २ मे रोजी लखनौ येथे फर्नांडिसांना अटक झाली. रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांच्या खात्याने आणि गृहखात्याने आधीपासूनच जय्यत तयारी केली होती: भारत संरक्षण नियम व अंतर्गत सुरक्षा कायदा यांखाली धरपकड, प्रादेशिक सेनेच्या रेल्वे पलटणींना पाचारण, निष्ठावान कामगारांना प्रलोभने आणि संपकऱ्यांना बडतर्फीच्या नोटिसा. ८ मे रोजी सकाळी सहा वाजता संप सुरू झाला. मनमाड, भुसावळ, इगतपुरी, कल्याण, दौंड, सोलापूर, नागपूर अशी महाराष्ट्रातील रेल्वेची जी जी ठाणी होती, त्यांचा नित्याचा घोष मंदावला. परळ-माटुंग्याच्या कारखान्यांतून कामगार बाहेर पडले. मुंबईची उपनगरी वाहतूक विस्कळीत झाली. रेल्वेच्या वसाहतींत पोलिसांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि कित्येक कुटुंबांना क्वार्टर्समधून बाहेर काढण्यात आले. काँग्रेसशी संलग्न असलेली दुसरी राष्ट्रीय संघटना संपाच्या विरोधात होती, त्यामुळे सर्वत्र सारखा बंद पाळला गेला नाही. विरोधाभास असा की त्या वेळी राष्ट्रपतिपदावर होते वराहगिरी वेंकट गिरी, ज्यांचे सार्वजनिक आयुष्य बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगार चळवळीत घडले होते.

संपाने मेचा पहिला पंधरवडा गाठला, आणि हा काळ उत्तरेत गव्हाच्या आवकेचा कळस असतो. बैसाखीनंतर कापणी झालेला गहू बैलगाड्यांतून व ट्रॅक्टरांतून खन्ना, मोगा, लुधियाना अशा मंड्यांत येतो. चौथऱ्यावर राशी पडतात, लिलाव होतो, पोती भरली जातात आणि मालधक्क्यावर वाघिणी लागल्या की मंडी रिकामी होऊन दुसऱ्या दिवशीच्या आवकेला जागा मिळते. वाघीण लागली नाही तर पोती चौथऱ्यावरच राहतात, नव्या राशीला जागा उरत नाही आणि उघड्यावर पडलेल्या मालाला वळवाच्या सरीचे भय असते. त्या साली नव्या धोरणान्वये व्यापाऱ्याला आपल्या खरेदीचा अर्धा भाग सरकारला दिल्यावर उरलेला माल परप्रांती धाडण्याची मुभा होती. पण परप्रांती धाडण्याची मुभा म्हणजे परप्रांती धाडण्याची सोय नव्हे. मालधक्क्यावर माल चढला की रेल्वेची बिल्टी हाती येते, त्या बिल्टीवर बँक किंवा सावकार रक्कम देतो, आणि त्या रकमेतून अडत्या पुढच्या शेतकऱ्याचे पैसे चुकते करतो. म्हणून वाघिणीची खात्री नसलेला व्यापारी बोली आखडती घेतो, आणि थांबलेल्या मालगाडीचे व्याज अखेरीस शेतकऱ्याच्या हिशेबात जमा होते.

मालमोटारी होत्या, हे खरे. परंतु त्या काळच्या चारचाकी बंद वाघिणीत वीस-बावीस टन, म्हणजे दोनशेहून अधिक पोती मावत. मालमोटारीत आठ-नऊ टनांच्या पलीकडे माल जात नसे. पन्नास वाघिणींच्या एका गाडीचे काम करावयास शे-सव्वाशे मोटारी लागत, आणि त्या प्रत्येकीला महागलेले डिझेल, दर सरहद्दीवरचा तपासणी नाका आणि दर नगरपालिकेची जकात. पंजाबपासून मुंबईपर्यंतचा हा मार्ग सोन्याच्या भावाचा माल पेलू शके, गव्हाचा नव्हे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यापुढे हाच प्रश्न निरनिराळ्या रूपांत उभा होता. रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांतून उत्तर हिंदुस्थानात जाणारी जळगावची केळी कापली की तिला थांबणे ठाऊक नसते. घड पिकला की तो गेला. लासलगावचा उन्हाळी कांदा चाळीत काही महिने धीर धरतो, पण पावसाळ्याच्या दमट हवेत त्यालाही कोंब फुटतात. ज्वारी मात्र सडत नाही. बळदात घातली तर वर्षभर राहते. म्हणूनच धान्य उत्पादकाची हानी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही आणि कोणत्याही संपाच्या पंचनाम्यात तिची नोंद होत नाही. धान्य थांबू शकते, धान्यवाला थांबू शकत नाही. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर हाती आलेली रब्बीची ज्वारी विकून त्याला सोसायटीचे पीककर्ज फेडावयाचे असते, कारण ते फेडल्यावाचून नवे मिळत नाही. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागण्यापूर्वी बी, खत आणि औताचा बैल यांची तरतूद व्हावयास हवी असते. ८ मे ते मृग नक्षत्र यांत केवळ एक महिना होता. त्या महिन्यातले तीन आठवडे बाजार अनिश्चित राहिला, तर शेतकऱ्याला गावातल्याच व्यापाऱ्याला, त्याने सांगितलेल्या भावाने माल द्यावा लागतो. बार्शी-लातूरच्या पेठांतील मोठा आडतदार आपली पोती गोदामात ठेवून भाव चढण्याची वाट पाहू शकतो. दहा पोत्यांच्या धन्याला तो अवकाश नसतो. हमाल आणि तोलणारे यांची रोजीही पोत्याशी बांधलेली: पोते हलले नाही की मजुरी नाही.

या साखळीच्या दुसऱ्या टोकास मनोरीचा मे महिना पाहिला म्हणजे दोन्ही टोकांची वेळ किती नेमकी जुळली होती ते ध्यानात येते. कोळ्याच्या संसारात हा आगोटीचा महिना. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद असतो. तेवढ्या दिवसांसाठी तांदूळ, डाळ, मसाला, मीठ आणि सरपण यांची बेगमी मेअखेर करून ठेवावी लागते. त्यासाठी लागणारा पैसा हंगामभर वलांडीवर वाळविलेल्या बोंबलांच्या आणि सुकटीच्या विक्रीतून येतो. ताज्या मासळीची पाटी घेऊन खाडी ओलांडणारी कोळीण मालाडहून लोकल गाडीनेच पुढची गिऱ्हाइके गाठते, आणि सुक्या मासळीच्या बाजारात घाटावरचा व्यापारी आला तरच माल उठतो. लोकल विस्कळीत झाली म्हणजे विक्री खुंटते आणि मालगाडी अडली म्हणजे खरेदी खुंटते. ज्या तीन आठवड्यांत वर्षाचा हिशेब बसवावयाचा, त्याच तीन आठवड्यांत तराजूची दोन्ही पारडी एकदम हलू लागतात. शिधापत्रिकेवरचे धान्य ठरलेल्या मापाने आणि ठरलेल्या आठवड्याला मिळे, साऱ्या पावसाळ्याचे एकदम मिळत नसे. त्यामुळे बेगमीचा तांदूळ खुल्या बाजारातूनच घ्यावा लागे, आणि संपाच्या नुसत्या वार्तेने प्रथम चढे तो याच बाजाराचा भाव. पंजाबातल्या मंडीत वाघीण नसल्याने भाव उतरावा आणि त्याच कारणाने मुंबईच्या दुकानात तो चढावा, यातला मधला फरक ज्यांच्या हाती राहतो ते ना शेतकरी असतात, ना कोळी, ना रेल्वे कामगार.

सरकारला हे सर्व ठाऊक होते, आणि संप मोडून काढण्याची त्याची रीतही याच ज्ञानावर आधारलेली होती. प्रवासी गाड्या मोठ्या प्रमाणात रद्द करून उपलब्ध इंजिने व माणसे कोळसा, तेल आणि धान्य यांच्या गाड्यांना लावण्यात आली. या व्यवस्थेने दोन हेतू साधले: शहरांत उपासमार झाली नाही, आणि संपकरी हे देशाच्या मुखातला घास काढणारे आहेत असे म्हणण्यास सरकार मोकळे राहिले. तीन वर्षे दुष्काळ सोसलेल्या लोकांना हा आरोप पटण्यासारखा होता. आपलीही मागणी धान्याचीच आहे, हे कामगारांचे म्हणणे मात्र त्यांच्या नेत्यांच्या भाषणांतही बोनसच्या आणि वर्गसंघर्षाच्या घोषणांखाली दबून गेले. शेतकऱ्यांच्या संघटनांना विश्वासात घेऊन नाशवंत माल व धान्य यांपुरती वाहतूक आपण स्वतः चालू ठेवू, असे जर समन्वय समितीने जाहीर केले असते, तर सरकारच्या हातातले सर्वांत धारदार शस्त्र बोथट झाले असते, असे आज मागे वळून पाहताना वाटते. १८ मे रोजी पोखरणच्या वाळवंटात अणुस्फोट झाला आणि वृत्तपत्रांची पहिली पाने संपावरून उठली. २७ मे रोजी संप बिनशर्त मागे घेण्याचे ठरले; दुसऱ्या दिवशी जे कामावर परत येऊ शकले ते आले, आणि हजारोंना ते दार बंद झालेले आढळले.

त्या हंगामात सरकारची गहू खरेदी आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही खाली घसरली. याचे खापर संपाच्या माथी फोडणे सोयीचे होते, पण सत्याला धरून नव्हते. पीकच कमी आले होते, खुल्या बाजारातला भाव सरकारी भावाच्या पुष्कळ वर होता, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी माल दाबून ठेवला होता. संपाने या सर्वांना एक निमित्त आणि काही आठवड्यांची सवड दिली इतकेच. १९७३ मध्ये सोव्हिएत रशियाकडून वीस लक्ष टन गहू उसना घ्यावा लागला होता, आणि १९७४ मध्येही परदेशी धान्याच्या बोटींकडे डोळे लावावे लागले. जुलैमध्ये सरकारने वटहुकूम काढून कर्मचाऱ्यांच्या वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत वळविला. संप मोडला त्याच पावसाळ्यात कामगाराच्या हातची भाकरी आणखी लहान झाली.

रेल्वे आणि धान्य यांचा हा गुंता एकट्या हिंदुस्थानचा नाही. कॅनडाच्या गव्हाळ मैदानांतील शेतकरी तर समुद्रापासून हजारो किलोमीटरांवर राहतो. १९५० च्या ऑगस्टमध्ये तेथे देशव्यापी रेल्वे संप झाला, तेव्हा संसदेचे खास अधिवेशन भरवून कायद्याने तो थांबविण्यात आला, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही मोठ्या कंपन्यांनी कामगारांना टाळेबंदी केली तेव्हाही सरकारने सक्तीच्या लवादाचा मार्ग धरला. मात्र तेथील धान्य उत्पादकांच्या संघटना अशा प्रसंगी सरकारदरबारी आपली बाजू मांडतात, आणि धान्य साठविण्याची कोठारे शेताजवळच असतात. १९७४ च्या वाटाघाटींत मंत्री होते, अधिकारी होते, कामगार पुढारी होते. गव्हाच्या राशीपाशी बसलेल्याचा किंवा आगोटीची यादी करणाऱ्या गृहिणीचा कोणी वकील तेथे नव्हता. उभय पक्ष त्यांच्या नावाने बोलत होते आणि उभय पक्षांना त्यांची गरज युक्तिवादापुरती होती.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले, कोकणातल्या राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात बडतर्फ झालेल्यांना त्यांनी पुन्हा सेवेत घेतले. १९७९ मध्ये उत्पादकतेशी निगडित बोनसही रेल्वे कामगारांना मंजूर झाला. पराभूत संपाच्या काही मागण्या अशा रीतीने हप्त्याहप्त्याने पदरात पडल्या, आणि सरकारने आपल्या बाजूने धडा घेतला तो साठ्याचा: सत्तरीच्या उत्तरार्धापासून अन्न महामंडळाची कोठारे अशी भरली की पुढे कोणत्याही संपाला शहराच्या भुकेचा दाब वापरता येऊ नये.

त्या मागणीपत्रकातले सवलतीच्या धान्याचे कलम मात्र कोणाच्याही विजयात जमा झाले नाही आणि कोणाच्या पराभवातही मोजले गेले नाही. वास्तविक तेच एक कलम असे होते की ज्यावर लुधियानाचा शेतकरी, भुसावळचा फायरमन आणि मनोरीची कोळीण ही तिघेही सही करू शकली असती. कारण रास्त भावाने विकले जाणारे व रास्त भावाने विकत मिळणारे धान्य, आणि त्या दोन भावांमधले अंतर कमी राखणारी वाहतूक, यांत तिघांचेही हित एकच होते. बोनसच्या मागणीने लाखो माणसे एकत्र आली; धान्याच्या मागणीने कोट्यवधी आली असती. ती पुढे रेटली गेली नाही, म्हणून वीस दिवसांच्या त्या झुंजीत रेल्वे कामगार एकटा पडला, आणि ज्यांच्यासाठी आपण लढतो आहोत असे दोन्ही पक्ष म्हणत होते त्यांनी आपापला तोटा, कोणत्याही यादीत न येता, निमूटपणे आपापल्या घरी सोसला.